मंदा गावडेची कांती

मंदा गावडे बोलायच्या आधी पाणी प्यायची. दुपारी जेवणं आटोपली की पार्लरचा काचेचा दरवाजा ढकलून आत यायची, कुणाकडे न बघता कोपऱ्यातल्या तांब्याकडे जायची, दाराजवळच्या खुर्चीत बसायची आणि घोट घोट करत पेला रिकामा करायची. तोवर कुणी "काय मंदाताई, कशा आहात?" म्हटलं तरी उत्तर नाही. शेवटचा घोट झाला की ओले ओठ तळहाताने पुसायचे आणि तोच ओला तळहात दोन्ही गालांवरून, कपाळावरून फिरवायचा. मग म्हणायची, "हां, आता बोल." एवढंच तिचं फेशियल. आणि या फेशियलवर त्या बाईचा चेहरा असा दिसायचा की तोंडाला पॅक लावून बसलेल्या माझ्या बायका मान वळवून बघायच्या. पॅक सुकताना मान वळवायची नसते, भेगा पडतात. तरी बघायच्या.

माझं पार्लर मुलुंड पूर्वेला, आमच्याच सोसायटीच्या तळमजल्यावर. मी नलिनी, सगळ्यांची नलूताई. लोकांचे चेहरे तुकतुकीत करायचे हा माझा धंदा, आणि माझा स्वतःचा चेहरा कोरडा ठणठणीत. नाकाच्या दोन्ही बाजूंना साल निघायची, हसलं की गाल ओढल्यासारखे व्हायचे, पावडर लावली तर ती कातडीवर न बसता सालींवर बसायची. टकलू माणसाने केसांचं तेल विकावं, तशातली गत. नवीन बाई आली की आधी माझ्या तोंडाकडे बघायची आणि मग रेटकार्डाकडे. मी क्रीमवर क्रीम थापायची. तासाभरात सगळं गायब, पुन्हा आपलं तेच.

मंदा दुसऱ्या मजल्यावर राहायची. मूळची मालवणकडची. सासरा गिरणीत होता. गिरणी गेली तशी लालबागची खोली गेली, मग भांडुप, मग मुलुंड. ती घरून डबे द्यायची. पहाटेपासून शेगडीपुढे उभी, फोडणीचा धूर, तव्याची धग. हिचा चेहरा खरं तर माझ्यापेक्षा रापायला हवा होता की नाही? मी दिवसभर एसीत. पण नाही. सावळी होती, नाकीडोळी काही फार नव्हती, पण कातडी म्हणजे नुकत्या सोललेल्या ओल्या खोबऱ्यासारखी. वयाने माझ्याहून थोडी मोठीच, आणि लग्नाकार्यात बायका मला विचारायच्या, "ही तुमची धाकटी बहीण का?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

बरं, ती गप्प बसणारी असती तर ठीक. गप्प कुठली बसतेय! "गे नलू, तुजा तोंड सुक्या बांगड्यासारखा झाला हा," असं भर गिऱ्हाइकांत म्हणायची. मी चिडले की आणखी जवळ येऊन माझ्या गालावर बोट फिरवून बघायची. "कितके डबे उघडलंस आज क्रीमचे? तोंड म्हणजे भीत नाय गे. भितीक रंग लावतत. तोंडाक जेवण लागता." भीत म्हणजे भिंत; हे तिचं ठरलेलं वाक्य. माझ्या पार्लरमध्ये बसून, माझ्या एसीची हवा खात, माझ्याच पोटावर पाय! एसी तरी नीट खायचा ना. तेही नाही. "त्येच्या तोंडासमोर आपला तोंड धरू नये," म्हणून खुर्ची सरकवत सरकवत दाराशी न्यायची.

तिचं म्हणणं काय होतं ते सांगते, म्हणजे ती कशी होती ते कळेल. सकाळी चहाच्या आधी पाणी. तोंडाला कढत पाणी नाही, कोमट. साबण अंगाला, तोंडाला नाही. तोंड धुतलं की खसाखसा पुसायचं नाही, ओलसर असतानाच तेलाचं बोट फिरवायचं. आणि जेवताना पानात काहीतरी स्निग्ध हवंच. तीळ, खोबरं, भातावर तूप, बाजारात तारली मासळी आली की तारल्या. दुपारी थोडं आडवं व्हायचं. बस. यातलं बरंचसं मलाही माहीत होतं, आम्हाला कोर्समध्ये शिकवतात की. मी गिऱ्हाइकांना छान समजावूनही सांगायची. स्वतः मात्र सकाळी उठल्याउठल्या चहा, बारा वाजता चहा, जेवणाच्या वेळेला हमखास एखादी बाई भुवया करायला टपकायची म्हणून दोन मुठी फरसाण, वर चहा. गीझरच्या वाफाळत्या पाण्याने तोंड धुतल्याशिवाय मला झोप यायची नाही. "तुमच्या घाटार जवस पिकता," मंदा म्हणायची, "आणि तू फरसाण चावतंस! सासरच्यांका सांग, माका धाडून द्या." माझं सासर-माहेर दोन्ही साताऱ्याकडचं, म्हणून हा टोमणा.

एकदा आमच्या ह्यांनी कमाल केली. मी आरशासमोर बसून तोंडाला काहीतरी चोपडत होते, तर पेपरातून मान वर न करता म्हणतात, "एवढं करण्यापेक्षा मंदावहिनी काय करतात ते विचार ना." झालं! दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मंदाशीही बोलले नाही. तिला बिचारीला कारणच माहीत नाही. ती आपली येऊन पाणी पिऊन, तोंड पुसून, "हां, आता बोल," म्हणायची आणि मी कात्र्या मोजल्यासारखं करायची. मला ती आवडायची हो. तिच्याशिवाय दुपार जायची नाही. आणि तिचा चेहरा समोर आला की सहन व्हायचा नाही. हे दोन्ही एकाच वेळी कसं, ते मला विचारू नका.

माझी खात्री होती की ही काहीतरी लावते आणि लपवते. कुणाचीही कातडी नुसतं खाऊनपिऊन अशी राहत नाही. म्हणून एकदा विरजण मागायच्या निमित्ताने तिच्या घरी गेले. ती दही काढायला आत वळली आणि मी हात धुवायच्या बहाण्याने मोरीत शिरले. फळी पाहिली, खिडकी पाहिली, कोनाडा पाहिला. एक अंगाचा साबण, खोबरेल तेलाची बाटली आणि एका वाटीत मेणासारखा पिवळट गोळा. तो हुंगून बघतेय, तर दारात मंदा. "भिरंडेल असा ता. कोकमाच्या बियांचा तेल. थंडीत ओठाक आणि टाचांक," ती म्हणाली. मग विरजणाची वाटी माझ्या हातात देत, अगदी गंभीर चेहऱ्याने, "फ्रिज अजून बघूचो रवलो हा. चल, दाखवतंय." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती मात्र पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत सुटली. तो गोळा अर्धा तोडून तिने मला दिला. मी तो वापरला नाही, रागाने.

सगळ्यात कळस सांगते. नवीन बाई पार्लरमध्ये आली आणि तिने मंदाला विचारलं, "अय्या, किती छान स्किन आहे तुमची! कुठे करता फेशियल?" तर मंदा माझ्याकडे बोट करायची. "खंय म्हणजे? हयच. हिचो हात." सरळ, डोळ्याची पापणी न हलवता. त्या बाईला ते पटायचं आणि ती पुढच्या आठवड्याची वेळ घेऊन जायची. माझा निम्मा धंदा असा तिच्या तोंडावर चालायचा. मी एकदा तिला खडसावलं, "खोटं कशाला बोलतेस गं? मी कधी हात तरी लावलाय का तुला?" तर म्हणते, "मगे काय सांगू? तारल्या खातंय म्हणान? ती बाई परत येतली काय तुज्याकडे?" उपकार करायची आणि वर तोंडही बंद करायची. मला वाटायचं, हिने एकदा तरी कुठेतरी चुकावं. एक सुरकुती पडावी. एक पुटकुळी यावी, फार मागत नव्हते मी.

मग ते केतकीचं लग्न. केतकी आमच्याच सोसायटीतली मुलगी, लग्न तोंडावर आलेलं. मोबाइलवर बघून बघून तिने चेहऱ्याला लिंबू, सोडा, साखर, काय वाट्टेल ते घासलं होतं. आली तेव्हा गाल लालबुंद, हनुवटीवर साली सुटलेल्या. "नलूताई, वाट लागली यार, काहीतरी करा ना!" मी तिला पॅकेज समजावत होते. फेशियल, मग दहा दिवसांनी दुसरं, वगैरे. तर दाराशी बसलेली मंदा म्हणाली, "हिच्या तोंडाक आता कोणी हात लावू नको." माझ्या तोंडावर! माझ्या गिऱ्हाइकासमोर! आणि केतकीला विचारते, "सकाळी काय खाल्लंस?" पोरगी बारीक व्हायचं म्हणून महिनाभर भात, तूप, तेल, नारळ सगळं सोडून काकडी आणि काळ्या कॉफीवर होती. "तूप बंद, तेल बंद, झोप बंद," मंदा म्हणाली, "मगे तोंडार तेज खयसून येतला गे? शेजारणीकडून?" पोरगी हसली आणि हसता हसता रडायलाच लागली, कारण गाल चरचरत होते.

पॅकेज गेलं. केतकी रोज दुपारी मंदाकडे जेवायला जाऊ लागली. तूपभात, तिळाची चटणी, भिजवलेले अक्रोड, ताक, तारल्यांचं झणझणीत तिखलं. चेहऱ्याला नुसतं कोमट पाणी आणि खोबरेल. फोन बाजूला ठेवून झोप. मी चडफडत होते, पण मनात कबूल होतं की मंदा बरोबर सांगतेय. सोललेल्या कातडीवर मीसुद्धा काही करायला नको होतं. लग्नात मेकअप मीच केला, आणि काय बसला म्हणून सांगू! अशी जमीन मिळाली तर कुणीही चित्र काढेल. सगळे म्हणाले, "नलूताई, झकास!" पण हळदीला पहिलं बोट लावायला केतकीच्या आईने हाक मारली ती मंदाला. मी ब्रश धुवत मागे उभी होते. मंदाने हळद लावली, केतकीचा गाल कुरवाळला, आणि ती पोर मंदाकडे ज्या नजरेने बघत होती ना, तसं माझ्याकडे आजवर कुठल्याच नवरीने बघितलं नव्हतं. मी धुतलेलाच ब्रश पुन्हा खसाखसा धुतला. रागाने, दुसऱ्या कशाने नाही.

त्यानंतरच्या थंडीत मंदा खाजवायला लागली. बोलता बोलता दंड खाजवायची, पाठ खुर्चीला घासायची. एकदा तिने पायावर नख ओढलं आणि पांढरी रेघ उठली. मी बघितलं. खोटं कशाला सांगू, आधी मला बरं वाटलं. आली की नाही वाट्याला! मी म्हटलंसुद्धा, "काय मंदाताई, तारल्या बंद झाल्या वाटतं?" ती हसली नाही. तेव्हा मी नीट पाहिलं, तर तिच्या डोळ्यांखाली सूज होती आणि चेहऱ्यावर राख धरल्यासारखा रंग.

किडन्या गेल्या होत्या. कशाने, ते डॉक्टरांनी सांगितलं, बीपी कित्येक वर्षं वर होतं आणि तिने ते कधी मोजलंच नव्हतं. चेहरा बघून सगळे म्हणायचे तब्येत कशी ठणठणीत आहे, आणि तीही तेच धरून बसली होती. डायलिसिस सुरू झालं. आणि मग पथ्य. पाणी मोजून, दिवसाला एवढीशी बाटली. नारळ नाही, सोलकढी नाही, तीळ नाही, अक्रोड नाही, केळं नाही. मासे डॉक्टर सांगतील तेवढेच. देवाने जणू तिचं ताटच पुढ्यातून उचललं. कातडी तर अशी सुकली की माझी परवडली.

सोसायटीतल्या बायकांना बोलायला काय जातंय? जिन्यात दोघी बोलत होत्या, "एवढं खाण्यापिण्याचं करायची ना? बघा काय झालं." मी वरून उतरत होते. असं काही तोंड सोडलं मी त्यांच्यावर, की त्यातल्या एकीने पुढे कायमचं पार्लर बदललं. जाऊ दे. मंदावर जळायचं तर मी जळेन, इतकी वर्षं जळलेय. या कोण आल्या टिकोजीराव?

डबे बंद झाले होते, पण मंदाला स्वयंपाकघर सुटेना. ज्या दिवशी डायलिसिस नसेल त्या दिवशी मला वर बोलवायची. ओट्याशी स्टूलवर बसून एक भाजी, एक कालवण करायची, आणि माझ्यासमोर पान वाढायची. "तू खा. मी बघतंय." पहिल्या दिवशी मी भात नुसता चिवडत बसले. समोर ही बसलेली, ओठ सुकलेले, आणि मी सोलकढी पितेय! मी वाटी बाजूला सारली, तर ओरडली, "पी गे! माज्या वाटणीची पी." मग मी प्यायले. तारलीचे काटे मला काढता यायचे नाहीत, ती काढून द्यायची, आणि विचारायची, "मीठ बरोबर असा? आमसूल जास्त नाय मा?" पथ्यामुळे तिला चव घेता येत नव्हती, म्हणून मी सांगायची. अगदी सविस्तर सांगायची. नुसतं "छान आहे" म्हटलेलं तिला चालायचं नाही.

दुपारच्या त्या जेवणासाठी मी पार्लर बंद ठेवायला लागले. फरसाण आपोआप गेलं. तिच्यासमोर चहा पिणं जिवावर यायचं, म्हणून तो दोनावर आला. गीझरचं कढत पाणीही सोडलं, कारण जेवता जेवता ती रोज विचारायची आणि आजारी माणसाशी खोटं बोलवत नव्हतं. संध्याकाळी मी तिच्या हातापायांना, तोंडाला तेल लावायला लागले. डायलिसिसच्या सुईजवळची जागा सोडून, अगदी हलक्या हाताने. खाज तेवढी तासभर थांबायची. इतकी वर्षं जो चेहरा लांबून बघून जळले तो असा माझ्या हातात आला होता. कितीही तेल घ्या, गाल पिऊन टाकायचे.

तिला जिने चढायला त्रास व्हायला लागला, तेव्हा दवाखान्यातून आली की तिचा मुलगा तिला आधी पार्लरमध्येच सोडायचा. तिथे माझ्या मोठ्या खुर्चीत मी तिला जरा आडवं करायची, तेल लावायची, दम खाऊन झाला की मग ती वर जायची. मंदा वारली त्याच्या थोडेच दिवस आधीची गोष्ट. खुर्चीत मंदा, मी तिच्या कपाळाला तेल लावतेय, आणि एक जुनी गिऱ्हाईक आत आली. वर्षभराने येत होती. मंदाला तिने ओळखलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "अगंबाई, नलूताई! चेहरा काय सुरेख झालाय तुमचा! काय लावता हल्ली?"

मी आरशात बघितलं. खरंच, नाकाजवळच्या साली नव्हत्या, गाल मऊ दिसत होते, कातडीला पाणी धरलं होतं. इतके महिने माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्या बाईला मी कशीबशी उद्याची वेळ देऊन वाटेला लावली.

दार लागलं. मंदा आरशात बघत होती. एकदा माझ्याकडे, एकदा स्वतःकडे. मग म्हणाली, "नलू, आज माका तुजो हेवो वाटता गे."

हे ऐकायला मी किती वर्षं कान टवकारून बसले होते! तिने असं म्हटलं तर काय उत्तर द्यायचं तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं. म्हणणार होते, काय म्हणालीस मंदा? ऐकू नाही आलं, परत सांग. आणि आता तोंडातून निघालं ते एवढंच, "परत म्हणू नकोस असं."

ती आता चेष्टा करेल असं वाटलं, पण चेष्टा नव्हती. आरशातूनच माझ्याकडे बघत अगदी मायेने म्हणाली, "लय वाईट असता गे हा हेवो. आतून नुसतो सोलून काढता. इतकी वर्सां तू कसो सोसलंस?"

मी बाटलीतून आणखी थोडं तेल हातावर घेतलं आणि तिच्या गालाला लावत राहिले.